एका वहीभोवती चार डोकी : वसतिगृहातला भौतिकशास्त्राचा अभ्यास



गेल्या पावसाळ्यात आपल्यापैकीच एक ज्येष्ठ हितचिंतक आमचे वसतिगृह पाहायला आले होते. जेवणे आटोपल्यावर साडेआठच्या सुमारास त्यांनी अभ्यासाच्या सभागृहात डोकावून पाहिले. मुलांचे आणि मुलींचे वसतिगृह वेगळे असले तरी हे सभागृह दोघांना मिळून एकच आहे. बारावी सायन्सची मुले-मुली चार-चारच्या गटाने जमिनीवर बसली होती. मध्ये एकच वही, तिच्यावर चार डोकी वाकलेली, आणि चांगलाच गलका चाललेला. पाहुणे थोडा वेळ थांबले आणि बाहेर आल्यावर मला म्हणाले, "ताई, राग मानू नका, पण ही मुले एकमेकांचे बघून लिहिताहेत. याला अभ्यास म्हणायचा का?"

मला राग आला नाही. पाच-सहा वर्षांपूर्वी मीसुद्धा हेच म्हटले असते. किंबहुना मी तसे म्हणत होते आणि त्याची किंमत एका मुलाने मोजली. त्या दिवशी पाहुण्यांना गाडी गाठायची होती, म्हणून उत्तर अर्धवट राहिले. आपण वर्गणी देता, मुलांसाठी प्रार्थना करता. तेव्हा त्या गलक्यात नेमके काय चालते हे समजून घेण्याचा आपल्याला हक्क आहे. म्हणून या अंकात सविस्तर लिहिते आहे.

अकरावीची उडी

आमची बहुतेक मुले दहावीपर्यंत आश्रमशाळेत किंवा गावाजवळच्या मराठी शाळेत शिकलेली असतात. घरी कोणी मावची बोलते, कोणी पावरी, कोणी कोकणी, कोणी भिली. म्हणजे मराठी हीच मुळात त्यांची शाळेत शिकलेली भाषा. मराठीतून विज्ञान शिकून दहावीला चांगले गुण मिळाले की घरचे आनंदाने अकरावी सायन्सला घालतात. जूनमध्ये पुस्तक हाती येते ते इंग्रजी. दहावीला 'अभिकेंद्री बल' म्हणून पाठ केलेली गोष्ट आता 'सेंट्रिपेटल फोर्स' झालेली असते. मुलाला ती गोष्ट ठाऊक असते, पण तिचे नवे नाव त्याला ओळखता येत नाही.

अडचण नुसत्या अवघड शब्दांचीच असती तर शब्दकोश घेऊन भागले असते. खरी फसगत सोपे शब्द करतात. 'मोमेंट ऑफ इनर्शिया' या शब्दप्रयोगातला 'मोमेंट' एका मुलाने शब्दकोशात शोधला, तर अर्थ मिळाला 'क्षण'. त्याने वहीत लिहून ठेवले, 'जडत्वाचा क्षण'. पुढचे दोन महिने तो उदाहरणात वेळ शोधत राहिला. वास्तविक तिथे वेळेचा काही संबंध नाही. वस्तू फिरवायला किती जड जाते याचे ते माप आहे. 'नॉर्मल' हा शब्द तर आणखी घात करतो. आपल्या बोलण्यात नॉर्मल म्हणजे नेहमीचे, साधे. भौतिकशास्त्रात नॉर्मल म्हणजे पृष्ठभागाला लंब, काटकोनात. या एका शब्दाची गोष्ट पुढे सांगणार आहे.

आता हे विचारायचे कोणाला? शहरातल्या मुलाला क्लास असतो, शेजारी इंजिनीअर झालेला कोणी दादा असतो. आमच्या मुलांपैकी कित्येकांच्या घरात दहावीपर्यंत पोहोचलेला हाच पहिला. दिवाळी झाली की अनेक घरांतले आई-वडील ऊसतोडीला गुजरातकडे जातात, आणि मग घरी फोन करून बोलायलाही वेळ मिळत नाही. कॉलेजात एका वर्गात एवढी मुले असतात की हात वर करायचीच लाज वाटते. गरिबी म्हटले की आपल्याला अन्न, कपडे, फी आठवते. विचारायला कोणी नसणे हीदेखील गरिबीच आहे, आणि ती चटकन दिसत नाही.

भौतिकशास्त्र सोडून द्यावे म्हटले तर तसेही जमत नाही. बी. एस्सी. नर्सिंग, डी. फार्मसी, बी. फार्मसी, इंजिनीअरिंग, या सगळ्या दारांवर हा विषय उभा आहे. आमच्या भागातल्या मुलीला नर्स व्हायचे असेल आणि त्यासाठी पदवीला जायचे असेल, तर जीवशास्त्र कितीही आवडो, भौतिकशास्त्रातून पार व्हावेच लागते.

पेपर कसा असतो

बारावीला भौतिकशास्त्राचे १०० गुण असतात. त्यांपैकी ३० प्रात्यक्षिकाचे आणि ७० लेखी परीक्षेचे. लेखी पेपर तीन तासांचा. अलीकडच्या नमुन्याप्रमाणे १० गुण पर्याय निवडण्याच्या प्रश्नांना आणि ८ गुण एका वाक्यात उत्तर देण्याच्या प्रश्नांना असतात. मग दोन गुणांचे १२ पैकी ८ प्रश्न, तीन गुणांचे १२ पैकी ८ आणि चार गुणांचे ५ पैकी ३ सोडवायचे. या सगळ्यांत व्याख्या आणि सिद्धता असतात, तशी गणिती उदाहरणेही विखुरलेली असतात. कॅल्क्युलेटर चालत नाही. गुणाकार-भागाकार लॉग टेबलवरून करावे लागतात.

व्याख्या पाठ करता येते. सिद्धताही दहा वेळा लिहून पाठ होते. उदाहरण मात्र पाठ होत नाही, कारण पेपरात आकडे आणि प्रसंग वेगळा येतो. इंग्रजी वाचून त्यातला प्रसंग डोळ्यांपुढे आणायचा, काय दिले आहे आणि काय काढायचे आहे ते ओळखायचे, योग्य सूत्र निवडायचे, एकके जुळवायची, आणि मग हिशेब. या पाच पायऱ्यांपैकी एक चुकली की पुढचे सगळे चुकते. 'दोन चौरस सेंटिमीटर म्हणजे ०.०२ चौरस मीटर' असे लिहिणारी मुले दरवर्षी भेटतात. मीटरचे शंभर सेंटिमीटर होतात हे त्यांना माहीत असते, पण चौरसात दोनदा शंभराने भागायचे हे सुटते. खरे उत्तर ०.०००२. अशी एक चूक उत्तर शंभर पटीने बिघडवते.

माझी चूक

मी धर्मशास्त्राची पदविका घेतलेली, बारावी आर्ट्स केलेली बाई. वसतिगृहाची जबाबदारी आली तेव्हा भौतिकशास्त्रातले मला काहीच कळत नव्हते, आणि आजही फारसे कळत नाही. शिस्त मात्र कळत होती. साडेआठ ते दहा शांत अभ्यास, प्रत्येकाने आपल्या जागेवर, बोलायचे नाही, दुसऱ्याच्या वहीत पाहायचे नाही, हा नियम माझाच. सभागृहात टाचणी पडली तरी ऐकू येई, आणि त्याचा मला अभिमान होता.

त्या वर्षी अकरावीला धडगावकडचा एक मुलगा होता. अबोल, कष्टाळू, दहावीला शाळेत पहिला आलेला. रोज दीड तास तो पुस्तक उघडून बसे. मला वाटे, हा अभ्यास करतो आहे. पहिल्या सत्राच्या परीक्षेनंतर त्याची वही पाहिली, तेव्हा पानामागून पान एकच गोष्ट दिसली. उदाहरण सुबक अक्षरात उतरवलेले, खाली 'दिलेले' एवढाच शब्द, आणि पुढे कोरी जागा. चार महिने तो रोज तिथेच अडत होता. शेजारी बसलेल्या मुलीला त्यातली निम्मी उदाहरणे येत होती, पण विचारायला माझ्या नियमाने बंदी होती. दिवाळीला तो घरी गेला आणि परत आला नाही. वडिलांबरोबर ऊसतोडीला गेला, तिथून पुढे सुरतला कामाला लागला.

त्याचे जाणे केवळ माझ्या नियमामुळे झाले असे मी म्हणणार नाही. घरची ओढाताणही होती. पण जे त्याला सहज मिळू शकले असते ते मी अडवून धरले, हे खरे आहे. त्यानंतर शांत अभ्यासाचा नियम मी मोडला आणि भौतिकशास्त्र शिकवणाऱ्या एका ओळखीच्या शिक्षकांना विचारून नवी पद्धत बसवली. ते दर शनिवारी दोन तास येतात. बाकीचे पाच दिवस मुले आपली आपणच चालवतात.

आता काय करतो

पहिली वीस मिनिटे अजूनही शांततेची असतात. फळ्यावर तीन उदाहरणे लिहिलेली असतात, जुन्या प्रश्नपत्रिकांतली किंवा पुस्तकातली. प्रत्येकाने ती एकट्याने करून पाहायची. उत्तर आलेच पाहिजे असे नाही. जिथे अडले तिथे रेघ मारून 'इथे अडले' असे लिहायचे. ही रेघ महत्त्वाची आहे. 'मला काहीच येत नाही' म्हणणाऱ्याला मदत करता येत नाही. 'इथपर्यंत आले, पुढे अडले' म्हणणाऱ्याला करता येते.

मग चार-चारचे गट. गट दर महिन्याला बदलतात, आणि चारही हुशार किंवा चारही कच्चे असे होऊ देत नाही. गटात एकच पक्का नियम आहे : पेन ज्याला अडले त्याच्याच हातात राहील. ज्याला उत्तर येते त्याने लिहून दाखवायचे नाही, फक्त विचारायचे. काय दिले आहे? काय काढायचे आहे? चित्र काढलेस का? कोणते बल कोणत्या दिशेला? एकक कोणते? हे सांगणे सोपे, पाळणे फार अवघड. ज्याला येते त्याचे हात शिवशिवतात. मुलांनीच त्यावर उपाय काढला आहे : समजावणाऱ्याने हात मांडीखाली ठेवून बसायचे.

बोलण्याच्या भाषेला बंधन नाही. मावचीत बोला, पावरीत बोला, मराठीत बोला. वहीत मात्र इंग्रजीत, कारण पेपर इंग्रजीत द्यायचा आहे. पाहुण्यांना जो गलका ऐकू आला तो तीन-चार भाषांचा होता.

दुसऱ्या दिवशी सकाळी, प्रार्थना आणि न्याहारी यांच्या मधल्या वेळेत, तीच उदाहरणे आकडे बदलून पुन्हा येतात. ती एकट्याने, वही न उघडता सोडवायची. रात्री कळले की नुसते कळल्यासारखे वाटले, ते इथे उघड होते. गटातल्या कोणालाच न सुटलेली उदाहरणे 'अडल्याच्या वहीत' जातात, आणि शनिवारी सर आले की ती वही पुढे करायची.

मौत का कुआँ

हे कसे घडते ते एका प्रसंगावरून सांगते. जत्रेत लाकडी फळ्यांच्या उंच पिंपासारख्या विहिरीत मोटारसायकलवाला उभ्या भिंतीवरून गोल फिरतो, तो खेळ आपण पाहिला असेल. बारावीच्या पुस्तकात त्यावर चर्चा आहे. फळ्यावर उदाहरण होते : विहिरीची त्रिज्या ५ मीटर, टायर आणि भिंत यांचा घर्षणांक ०.५, तर खाली न पडता फिरायला कमीत कमी किती वेग हवा? गुरुत्वत्वरण १० धरा.

एका गटात दोन उत्तरे आली. एका मुलाचे ५ मीटर प्रतिसेकंद, एका मुलीचे १०. मुलाने आदल्या आठवड्यात सपाट रस्त्यावरच्या वळणाचे उदाहरण केले होते आणि तेच सूत्र इथे लावले होते. त्याचा हिशेब बिनचूक होता. मुलीने उत्तर सांगितले नाही. तिने विचारले, "चित्र काढ. भिंत त्याला कोणत्या बाजूने ढकलते?"

तो म्हणाला, "नॉर्मल म्हणजे नेहमीचे बल. वजनाएवढे. वरच्या दिशेला."

मुलगी हसली नाही, कारण दिवाळीपर्यंत तीही हेच समजत होती. तिने वही उभी धरली, तिच्यावर तळहात टेकवला आणि त्यालाही तसेच करायला सांगितले. "वही तुझ्या हाताला कुठे ढकलते? वर की समोर?" समोर. "मग विहिरीची भिंत?" आत, मध्याकडे. "मग वजन कोण पेलते?" तो बराच वेळ गप्प बसला. मग म्हणाला, "घर्षण."

पुढचे त्याने स्वतःच केले. रस्त्याच्या वळणावर जमीन खालून वर ढकलते आणि घर्षण गाडीला मध्याकडे ओढते. विहिरीत नेमके उलट : भिंत मध्याकडे ढकलते आणि घर्षण वर धरून ठेवते. गाडी जितकी वेगात, तितकी ती भिंतीवर जोरात दाबली जाते, भिंत तितक्याच जोराने उलट ढकलते आणि तितके जास्त घर्षण मिळू शकते. मुलीने त्याला त्याचेच उत्तर तपासायला लावले. गाडी आणि माणूस मिळून १०० किलो धरू. वजन १००० न्यूटन. वेग ५ असेल तर भिंतीचा दाब १०० गुणिले २५ भागिले ५, म्हणजे ५०० न्यूटन. घर्षण जास्तीत जास्त त्याच्या निम्मे, २५०. वजन १००० आणि धरणारे २५०, म्हणजे माणूस खाली. वेग १० असेल तर दाब २००० आणि घर्षण १००० पर्यंत. वजनाइतकेच. बरोबर तोलले जाते. १० मीटर प्रतिसेकंद म्हणजे ताशी ३६ किलोमीटर.

मग त्या मुलानेच एक गोष्ट टिपली, जी मुलीच्याही ध्यानात आली नव्हती. १०० किलोऐवजी ६० किलो धरले तरी वेग तोच येतो, कारण वजन आणि घर्षण दोन्ही सारख्याच प्रमाणात कमी होतात. "म्हणजे जाडा असो की बारीक, वेग सारखाच," तो म्हणाला. शनिवारी सरांना त्याने ते मोठ्या ऐटीत सांगितले.

या सगळ्याला पंचवीस मिनिटे लागली. पाहुण्यांनी बाहेरून पाहिले असते, तर एका वहीवर दोन हात ठेवून बसलेली दोन मुले दिसली असती.

याचा फायदा का होतो

ही आमची नवी शोधलेली गोष्ट नाही. अमेरिकेतल्या हार्वर्ड विद्यापीठात एरिक माझूर नावाचे भौतिकशास्त्राचे प्राध्यापक आहेत. विद्यार्थी परीक्षेतली अवघड उदाहरणे सोडवतात, पण साध्या बोलीत विचारलेल्या मूलभूत प्रश्नात चुकतात, हे त्यांच्या लक्षात आले. असाच एक प्रश्न त्यांनी वर्गात दोनदा समजावला, तरी मुले गोंधळलेलीच. तेव्हा त्यांनी मुलांना आपापसांत बोलायला सांगितले, आणि थोड्याच मिनिटांत मुलांनी एकमेकांना समजावून टाकले. १९९१ पासून त्यांनी याचीच पद्धत केली : प्रश्न द्यायचा, प्रत्येकाने आधी एकट्याने उत्तर ठरवायचे, मग शेजाऱ्याला पटवायचे, मग पुन्हा उत्तर द्यायचे. १९९७ साली त्यांनी यावर पुस्तक लिहिले आणि जगभरच्या शिक्षकांनी ही पद्धत उचलली.

त्यांनी सांगितलेले कारण मला विहिरीच्या प्रसंगात डोळ्यांनी दिसले. ज्याला एखादी गोष्ट तीस वर्षांपासून येते, त्याला ती न येणे कसे असते हे आठवत नाही. 'नॉर्मल'चा अर्थ कोणी 'नेहमीचे' असा घेईल, हे आमच्या सरांच्या स्वप्नातही आले नसते. त्या मुलीला ते ठाऊक होते, कारण तीही त्याच खड्ड्यात पडून नुकतीच वर आली होती.

दुसरे उदाहरण कॅलिफोर्नियातल्या बर्कली इथले. ७०च्या दशकात युरी ट्राइसमन या तरुण संशोधकाने पाहिले की गणितात अनेक कृष्णवर्णीय विद्यार्थी मागे पडत होते आणि चिनी वंशाचे विद्यार्थी पुढे जात होते. लोकांचे तर्क ठरलेले होते : घरची परिस्थिती, तयारी कमी, जिद्द कमी. ट्राइसमन प्रत्यक्ष मुलांबरोबर राहून त्यांचा अभ्यास पाहत गेले. मागे पडणारी मुले कष्टाळू होती, पण एकेकटी अभ्यास करत होती. दुसरी मुले आधी एकट्याने अभ्यास करून संध्याकाळी एकत्र जमत, एकमेकांचे तपासत, आणि एखादे उदाहरण कोणालाच सुटले नाही तर ते खरेच अवघड आहे हे त्यांना कळे. एकट्या मुलाला मात्र वाटे की दोष आपलाच. हे वाचले तेव्हा मला धडगावच्या मुलाची कोरी पाने आठवली.

आणि ही कल्पना आपल्या देशाला परकी नाही. अँड्र्यू बेल या स्कॉटिश पाळकांनी १७८९ साली मद्रासमध्ये अनाथ मुलांच्या आश्रमाची जबाबदारी घेतली. तिथल्या एका गावठी शाळेत मुले वाळूवर बोटाने अक्षरे गिरवताना त्यांनी पाहिली. त्यांनी आपल्या शाळेत ती रीत आणली आणि मोठ्या मुलांकडून लहानांना शिकवण्याची घडी बसवली. १७९७ साली लंडनला त्यांनी त्याचा वृत्तान्त छापला, आणि 'मद्रास पद्धत' या नावाने ती इंग्लंडात पसरली. तिच्यात उणीव होती : शिकवणारा मुलगा छोटा मास्तर होई आणि बरेचसे घोकंपट्टीवर चाले. आमच्याकडे कोणी मास्तर नसतो. आज ज्याला विद्युत प्रकरण येते, तो उद्या प्रकाशाच्या प्रकरणात अडलेला असतो.

कुठे बिघडते

आपल्याला सगळे गोडच सांगितले तर ते खोटे ठरेल. ही पद्धत बिघडतेही.

पहिला धोका, सगळ्यांनी मिळून चुकण्याचा. ६० वॅटचा आणि १०० वॅटचा असे दोन जुने पिवळे बल्ब एकामागे एक, एकाच तारेत जोडले तर जास्त उजेड कोणाचा? एका गटात चौघेही म्हणाले, १०० वॅटचा. चौघांचे एकमत झाल्यावर कोणी शंकाच घेतली नाही. शनिवारी सरांनी लाकडी पाटीवर दोन्ही बल्ब जोडून दाखवले आणि ६० वॅटचा जास्त पेटला! २२० व्होल्टवर चालणाऱ्या ६० वॅटच्या बल्बचा रोध सुमारे ८०७ ओहम असतो आणि १०० वॅटच्याचा ४८४. एका तारेत जोडल्यावर दोघांतून धारा सारखीच वाहते, म्हणून ज्याचा रोध जास्त त्यात जास्त शक्ती खर्च होते. तेव्हापासून मुलांना एकमत पुरेसे वाटत नाही. आणि म्हणूनच शनिवारचे सर हवेतच. मुलांनी एकमेकांना केलेली मदत शिक्षकाची जागा घेत नाही. शिक्षक आला की त्याचे दोन तास खऱ्या अडचणींवर खर्च व्हावेत, एवढे ती करते.

दुसरा धोका उतरवून काढण्याचा. पाहुण्यांची शंका इथे अगदी रास्त होती. थकलेल्या मुलाला उत्तर हवे असते आणि दमलेल्या मित्राला ते देऊन मोकळे व्हायचे असते. सकाळचे एकट्याने सोडवायचे उदाहरण त्यासाठीच आहे. रात्री बरोबर आणि सकाळी कोरे, असे दोन-तीनदा झाले की मी त्या गटाशी बोलते. रागावत नाही, पेन कोणाच्या हातात होते, एवढेच विचारते.

तिसरा, मुलींच्या गप्प बसण्याचा. मिश्र गटात मुलगे बोलतात आणि मुली मान डोलावतात, असे सुरुवातीला फार झाले. आता एका गटात किमान दोन मुली ठेवतो आणि अडलेली रेघ वाचून दाखवायची सुरुवात दर वेळी वेगळ्याने करायची असते.

आणि एक प्रश्न पालक विचारतात : माझी मुलगी दुसऱ्याला शिकवत बसली तर तिचा अभ्यास कधी होणार? याचे उत्तर त्या विहिरीवाल्या मुलीनेच दिले. ती म्हणाली, "ताई, मला उत्तर येत होते. पण ते का येते, हे त्याला समजावताना कळले."

ओझे आणि भार

पौलाच्या गलतीकरांस लिहिलेल्या पत्रात, सहाव्या अध्यायात, एकमेकांची ओझी वाहण्याचा उपदेश आहे. पुढे दोन-तीन वचनांतच तो सांगतो की प्रत्येकाने आपापला भार वाहायचा आहे. धर्मशास्त्र शिकत असताना मला या दोन वचनांत विरोध वाटे. सभागृहातल्या चार डोक्यांकडे पाहताना तो उरला नाही. रात्रीचा गट म्हणजे ओझी वाहणे. सकाळची एकट्याची वही, आणि फेब्रुवारीतला पेपर, म्हणजे आपापला भार. परीक्षेच्या हॉलमध्ये शेजारच्याची मदत म्हणजे चोरी, हे मुलांना वेगळे शिकवावे लागले नाही. ज्याने रात्री पेन आपल्या हातात ठेवले, त्याला हॉलमध्ये दुसऱ्याच्या पेनाची गरज कमीच पडते.

आपण काय करू शकता

मोठ्या क्लासची फी द्या, असे मी म्हणणार नाही. लहान गोष्टी पुरतात. लॉग टेबलची पुस्तके, कारण चौघांत एक असले की वाट पाहण्यात वेळ जातो. मागच्या वर्षांच्या प्रश्नपत्रिका. घरातल्या मुलाने बारावी पार केली असेल तर त्याची पाठ्यपुस्तके. नव्यांची गरज नाही. पाठ्यपुस्तके बालभारतीच्या संकेतस्थळावर विनामूल्यही मिळतात, पण आमच्याकडे मोबाइलच्या छोट्या पडद्यावर चौघांनी वाचणे जमत नाही.

आणि आपल्या मंडळीत निवृत्त शिक्षक, वीज मंडळातून किंवा रेल्वेतून निवृत्त झालेले बंधुभगिनी असतील, तर महिन्यातून एका शनिवारी या. शिकवण्याची तयारी करून येऊ नका. फक्त अडल्याची वही उघडा आणि मुलांना विचारा, चित्र काढलेस का? एवढ्याने पुष्कळ होते.

यंदा फेब्रुवारीत आमचे काही विद्यार्थी बारावीला बसत आहेत. सगळे पास होतील असे आश्वासन मी देऊ शकत नाही. मागे एकजण राहिला होता. तो जुलैच्या पुरवणी परीक्षेत सुटला. त्यांच्यासाठी प्रार्थना करा.

धडगावच्या त्या मुलाची धाकटी बहीण या जूनमध्ये अकरावी सायन्सला आमच्याकडे आली. सोडायला तोच आला होता, सुरतहून रजा काढून. रात्री तो सभागृहाच्या दारात उभा राहून पाहत होता. मी त्याला आत बोलावले. तो एका गटामागे बसला आणि बराच वेळ ऐकत राहिला. जाताना बहिणीला एवढेच म्हणाला, "अडले की लगेच विचार. वाट बघू नको."

आता ती विचारते. पहिल्या सत्राच्या परीक्षेनंतर मी तिची वही पाहिली. 'इथे अडले' असे तीत पुष्कळ ठिकाणी लिहिलेले आहे. कोरे पान एकही नाही.